ड्रॅगनची एक लढाई पटते, दुसरी का खटकते? कोकणकड्यावरचा वारा सांगेल

‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’ मालिकेत हवेतल्या दोन मोठ्या लढाया आहेत. पहिली ऑक्टोबर 2022 मधली, पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात. भर वादळात, अजस्र आणि म्हाताऱ्या व्हेगारवर बसलेला एमंड छोट्या ॲरॅक्सवरच्या लुसेरिसचा पाठलाग करतो. दुसरी जुलै 2024 मधली, रूक्स रेस्टच्या किल्ल्यापाशी, व्हेगार आणि मेलिस यांची. (मालिका पाहायची राहिली असेल तर इथेच थांबा, पुढे शेवट उघड केलाय.)

आता तुम्ही म्हणाल, मुळात ड्रॅगनच खोटा, मग त्याची लढाई खरी-खोटी कसली? पण प्रेक्षक ड्रॅगन एकदा मान्य करतो, म्हणून वजन, वारा आणि उंची यांचे नियम सोडून देत नाही. हे नियम त्याने पुस्तकात वाचलेले नसतात. आकाशातल्या घारी बघून ते डोळ्यांत बसलेले असतात.

ते बघायची एक झकास जागा अकोले तालुक्यात आहे. राजूरहून पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर गेलं की पश्चिमेला कोकणकडा लागतो. कोकणातून आलेला वारा या उभ्या कड्यावर आदळतो आणि सरळ वर चढतो. एखादी हलकी टोपी खाली पडली तर कधी कधी तरंगत परत येते. पक्षी या वाऱ्यावर पंख न हलवता चढत जातात.

मोठ्या पक्ष्याला ही फुकटची लिफ्ट लागतेच. कारण लांबी दुप्पट केली की पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं, पण वजन आठपट. सह्याद्रीच्या कड्यांवर घरटी करणारं लांब चोचीचं गिधाड साधारण सहा किलोचं असतं, तेही पंख मारण्यापेक्षा तरंगणंच पसंत करतं. आजवरच्या सर्वांत मोठ्या उडणाऱ्या प्राण्यांपैकी एक, क्वेट्झलकोॲट्लस, याचे पंख दहा-अकरा मीटर होते आणि वजनाचा अंदाज 200 ते 250 किलोच्या आसपास. व्हेगार त्यापुढे डोंगर आहे.

म्हणजे अशा प्राण्यासाठी उंची ही गाठीशी बांधलेली पुंजी. खाली झेपावलं की तिचा वेग होतो. कड्यांवर राहणारा शाहीन ससाणा ज्या पेरेग्रीन जातीतला आहे, ती जात सूर मारताना ताशी 300 किलोमीटरच्या पुढे जाते. पण खर्च केलेली उंची परत कमवायला जबर ताकद लागते. व्हेगारचं वजन दहा टन, म्हणजे दोन मोठे हत्ती, एवढंच धरू. तिला दहा सेकंदांत 100 मीटर वर जायचं तर सुमारे 1,300 हॉर्सपॉवर हवेत. 45 हॉर्सपॉवरचे जवळपास तीस ट्रॅक्टर एकदम लावल्यासारखं!

आता पहिली लढाई बघा. लुसेरिस ॲरॅक्सला अरुंद घळीत घालतो. अगदी बरोबर. हलक्याला वळायला जागा कमी लागते, जड प्राण्याचं वळण मोठं. कोतवाल पक्षी घारीला याच जोरावर पळवून लावतो. रतनगडाजवळच्या सांदण दरीत दोन्ही बाजूंच्या भिंती पाहिलेल्याला तर हा डाव लगेच कळेल: तिथे व्हेगारचे पंख उघडणारच नाहीत. पुढे ॲरॅक्स ढगांच्या वर निघतो आणि व्हेगार खालून येऊन त्याला फाडते. इतकी जड मादी खालून कशी चढली? इथे वादळ मदतीला येतं. गडगडाटी ढगात वर चढणारा वारा काही वेळा ताशी 100 किलोमीटरच्याही पुढे जातो, आणि व्हेगार आधीच वेगात आहे. थोडं ताणलंय, पण पटतं.

रूक्स रेस्टला मात्र वादळ नाही. व्हेगार दिसेनाशी होते आणि किल्ल्याच्या आडून, खालून उसळून मेलिसची मान धरते. धक्का जबरदस्त, गणित कच्चं. कड्याचा वारा गिधाडाला तरंगवतो, पण दबा धरून बसलेल्या दहा टनांना एका झेपेत वर फेकत नाही. सगळ्यात जड योद्धा वरूनच यायला हवा होता.

जाळाचंही तसंच. जत्रेत तोंडातून जाळ काढणारा माणूस वाऱ्याकडे तोंड करून उभा राहत नाही. समोरासमोर भरधाव येणाऱ्या ड्रॅगनने जाळ सोडला तर त्यातला बराचसा स्वतःच्याच स्वारावर यायचा.

एक गोष्ट मात्र जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी पक्की धरली: ड्रॅगनला पाय दोनच, कारण पंख असलेल्या कुठल्याही कणाधारी प्राण्याला शिवाय चार पाय नसतात. मग लढताना हे दोन पाय फारसे का वापरत नाहीत? गरुड हवेत भांडतात तेव्हा चोचीपेक्षा पंजे पुढे असतात. एकमेकांत नख्या अडकवून ते गरगरत खाली येतात आणि जमिनीच्या आधी सुटतात. मालिकेतले ड्रॅगन मात्र सारखे चावायला धावतात, म्हणजे स्वतःचं डोकं शत्रूच्या जाळाशेजारी नेतात. कॅमेऱ्याला दोन्ही चेहरे एका चौकटीत मिळतात, ते त्यामुळेच.