नळीतील कोंडी आणि तिचे निदान

युनिक्स परंपरेतील आज्ञावलींचे बळ त्यांच्या परस्पर जुळणीत आहे. एका आज्ञावलीचे फलित दुसरीस थेट पुरवावे, ही कल्पना डग मॅक्इलरॉय यांनी १९६४ साली बेल प्रयोगशाळेत बागेतील रबरी नळीच्या उपमेने मांडली. १९७३ साली केन टॉम्प्सन यांनी तिला युनिक्समध्ये मूर्त रूप दिले. ही नळी, म्हणजेच ‘पाइप’, हा कर्नलने स्मृतीत राखलेला एक मर्यादित साठा होय. लिनक्सवर त्याची क्षमता सामान्यतः ६५,५३६ बाइट असते. साठा भरला की लिहिणारी प्रक्रिया थांबते. रिता झाला की वाचणारी थांबते. हे थांबणे स्वाभाविक आहे. ते अखंड चालू राहिले, तरच तो दोष ठरतो. आणि अशा दोषाचे तीन प्रकार प्रामुख्याने आढळतात.

पहिला प्रकार विलंबाचा. वाढत्या नोंदवहीवर ‘टेल’ लक्ष ठेवते, ‘ग्रेप’ ओळी निवडते आणि तिसरी आज्ञावली त्या पडद्यावर दाखविते, अशी साखळी कल्पावी. पडद्याकडे थेट लिहिताना प्रमाणित ग्रंथालय प्रत्येक ओळ तत्काळ पाठविते. नळीकडे लिहिताना मात्र ती स्वतःच्या बफरमध्ये साठवून, तो भरल्यावरच सोडते. म्हणून ‘ग्रेप’ला ओळ सापडूनही पडदा कोराच राहतो. या अवस्थेत प्रक्रिया बळाने मारली, तर बफरमधील मजकूर कायमचा नष्ट होतो. ‘ग्रेप’चा ओळनिहाय पर्याय किंवा ‘स्टडबफ’ ही आज्ञा यावर उपाय होय.

दुसरा प्रकार परस्पर अडवणुकीचा. जनक प्रक्रिया आपला सर्व मजकूर अपत्यास देऊन मगच उत्तर वाचावयाचे ठरविते. अपत्य वाचता वाचताच उत्तर लिहीत असते. उत्तराची नळी भरते, अपत्य थांबते. त्यामुळे दुसरी नळीही भरते आणि जनकही थांबतो. वाचन व लेखन समांतर चालविल्यावाचून ही कोंडी सुटत नाही.

तिसरा प्रकार न मिटलेल्या टोकाचा. लेखनाचे प्रत्येक टोक बंद झाल्यावाचून वाचणाऱ्यास समाप्तीची खूण मिळत नाही. जनकाने स्वतःजवळचे एक टोक नकळत उघडे ठेवले, तरी वाचक अनंतकाळ वाट पाहतो.

निदानाची रीत सरळ आहे. ‘एसट्रेस’ने प्रत्येक प्रक्रिया कोठे अडली ते पाहावे. दोघीही लेखनात अडल्या असतील, तर अडवणुकीचा संशय घ्यावा. वाचक वाचनात अडला असेल, तर ‘एलएसओएफ’ने लेखनाचे टोक कोणाजवळ आहे ते शोधावे, ते योग्य प्रक्रियेजवळच असेल, तर बफर तपासावा.

याखेरीज एक सावधगिरी आवश्यक आहे. बॅशमध्ये साखळीचे यशापयश एरवी केवळ शेवटच्या आज्ञेवरून ठरते. मधली आज्ञा कोसळली, तरी अपुरे फलित पूर्ण म्हणून संशोधकाच्या हाती पडू शकते. ‘पाइपफेल’ ही योजना कार्यान्वित केल्यास असे अपयश लपत नाही. थांबलेली साखळी निदान दिसते तरी; खोटे यश सांगणारी साखळी तिच्याहून अधिक घातक होय.