डाव्या बाजूचा राखणदार

उन्हे कलली की अमरावतीच्या सायन्सकोर मैदानावर किंवा अकोल्यातील एखाद्या शाळेच्या पटांगणात फुटबॉलचा खेळ रंगू लागतो. चेंडू एक आणि त्याच्यामागे धावणारी मुले वीस! संघ पाडताना जो तो म्हणतो, “मी पुढे खेळणार.” कारण गोल बहुधा पुढचे खेळाडू करतात आणि टाळ्याही त्यांनाच मिळतात. जो उरतो त्याला सांगण्यात येते, “तू मागे उभा राहा.” तो बिचारा हिरमुसतो. आपल्या वाट्याला दुय्यम जागा आली, असे त्याला वाटते. त्याचे हे वाटणे कितपत खरे आहे?

मुलांनो, कबड्डी तर तुम्ही खेळताच. अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये थेट बर्लिन येथे जाऊन या खेळाचे प्रात्यक्षिक दाखविले होते. कबड्डीत डावा कोपरा सांभाळणारा गडी चढाई करणाऱ्याच्या पावलांवर नजर रोखून उभा असतो. त्याची पकड निसटली, तर सगळी फळी उघडी पडते. फुटबॉलमध्येही असाच एक कोपऱ्याचा गडी असतो. त्याला ‘लेफ्ट बॅक’, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, असे म्हणतात.

मोठ्या सामन्यांचे फुटबॉलचे मैदान सुमारे १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद असते. त्याच्या डाव्या कडेची मागची बाजू या खेळाडूच्या स्वाधीन केलेली असते. त्याची कामे तीन. पहिले काम म्हणजे त्या बाजूने चाल करून येणाऱ्या चपळ प्रतिस्पर्ध्याला रोखणे. चांगला बचावपटू उगाच झडप घालीत नाही. तो प्रतिस्पर्ध्याला हळूहळू मैदानाच्या कडेकडे रेटीत नेतो. कारण तेथून गोलाची वाट अवघड होते. दुसरे काम म्हणजे इतर बचावपटूंबरोबर एका रांगेत राहणे. पुढे चेंडू टाकला जाताना ज्याला तो दिला, तो खेळाडू चेंडूच्या व या रांगेच्या पुढे गेलेला असेल, तर तो ‘ऑफसाइड’ ठरतो. परंतु रांगेतील एकजण जरी चार पावले मागे रेंगाळला, तरी सगळा बेत फसतो. तिसरे काम सर्वांत दमविणारे. आपल्या संघाकडे चेंडू येताच कडेने धावत पुढे जायचे, चेंडू गोलासमोर टाकायचा आणि तो हातचा गेला की तितक्याच वेगाने माघारी यायचे. डाव्या पायाने चेंडू मारणाऱ्याला हे काम अधिक साधते. म्हणून या जागेसाठी डावखुऱ्या खेळाडूंना फार मागणी असते.

ही जागा किती मोलाची आहे, हे २०२२ च्या विश्वचषक स्पर्धेत दिसून आले. फ्रान्सच्या पहिल्याच सामन्यात लेफ्ट बॅक लुकास हर्नांडेझ याचा गुडघा दुखावला. त्याच्या जागी मैदानात उतरला तो त्याचाच धाकटा भाऊ थिओ. पुढे मोरोक्कोविरुद्धच्या उपांत्य सामन्यात पाचव्याच मिनिटाला या थिओने गोल केला. मागे राखण करणारा खेळाडू वेळ येताच पुढे धावून गेला होता!

आपल्या शेजारच्या गोव्यातही असा एक खेळाडू घडला. त्याचे नाव मंदार राव देसाई. १८ मार्च १९९२ रोजी म्हापसा येथे त्याचा जन्म झाला. गोवा ही फुटबॉलवेड्यांची भूमी. तेथील नामांकित धेंपो क्लबातून मंदार खेळला. २०१४ साली इंडियन सुपर लीग ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हा एफसी गोवा या संघात त्याला स्थान मिळाले. त्या वेळी तो मागे खेळत नसे. त्याची जागा पुढे, डाव्या बगलेवर होती. वेगाने धावावे, बचाव भेदावा, गोलाची संधी साधावी, असे त्याचे काम होते.

२०१७ मध्ये सर्जिओ लोबेरा हे स्पॅनिश प्रशिक्षक गोव्याच्या संघाकडे आले. त्यांच्या हाताखाली मंदार बगलेवरून मागे सरकला व लेफ्ट बॅक झाला. विचार करा, पंचविशी गाठलेल्या खेळाडूला आपली सवयीची जागा सोडावी लागली. काल ज्या चाली तो रचीत होता, त्याच आज त्याला अडवायच्या होत्या. मात्र जुनी विद्या वाया गेली नाही. बगलेवरचा खेळाडू कोणती हुलकावणी देईल, हे बगलेवर खेळलेल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? शिवाय पुढे धावून चेंडू गोलासमोर टाकण्याची हातोटी त्याच्या अंगी होतीच.

१७ मार्च २०१९ रोजी मुंबईत लीगचा अंतिम सामना झाला. गोव्यासमोर बंगळुरूचा संघ उभा होता. नव्वद मिनिटांत कोणालाही गोल करता आला नाही. जादा वेळही संपत आला. अशा वेळी, ११७ व्या मिनिटाला, बंगळुरूच्या राहुल भेके या मुंबईकर बचावपटूने डोक्याने चेंडू मारून गोल केला. गोव्याचा संघ हरला. मात्र पुढच्याच महिन्यात भुवनेश्वर येथे त्याच संघाने सुपर कप जिंकला.

आणि मग आली दोह्याची रात्र. १० सप्टेंबर २०१९. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारताची गाठ कतारशी होती. कतार त्या वर्षीचा आशियाई विजेता. त्याने पाचच दिवसांपूर्वी अफगाणिस्तानवर सहा गोल केले होते. त्याच दिवशी भारत ओमानकडून हरला होता. त्यातच कर्णधार सुनील छेत्री आजारी पडल्यामुळे खेळू शकला नाही. भारताच्या बचावफळीत उजवीकडे राहुल भेके उभा होता आणि डावीकडे मंदार राव देसाई. मार्चमध्ये एकमेकांविरुद्ध झुंजलेले दोघे आता एकाच गोलाची राखण करीत होते! मध्ये संदेश झिंगन व आदिल खान, पाठीशी गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू. कतारने गोलावर पंचवीसहून अधिक फटके मारले. पण चेंडू एकदाही जाळ्यात गेला नाही. सामना शून्य-शून्य असा बरोबरीत सुटला. भारताने एकही गोल केला नव्हता, तरी त्या रात्री देशभर आनंद झाला. गोल करण्याइतकाच गोल होऊ न देण्यातही पराक्रम असतो, हे त्या रात्री सर्वांना कळले.

पुढे मंदार मुंबई सिटी संघात गेला. २०२०-२१ च्या हंगामात त्या संघाने लीगची ढाल आणि चषक दोन्ही पटकाविले. त्याच हंगामात मंदारने लीगमधील आपला शंभरावा सामना खेळला. एवढी मजल गाठणारा तो पहिला खेळाडू होय. त्यानंतर तो ईस्ट बंगाल व चेन्नईयिन या संघांत गेला. ज्याला जागा बदलून मागे जावे लागले, तो शंभर सामन्यांच्या टप्प्यावर सर्वांच्या आधी पोहोचला!

मुलांनो, घराचा पाया दिसत नाही. पण सारे घर त्यावरच उभे असते. उद्या संघ पाडताना कोणी तुम्हांस “तू मागे उभा राहा” असे म्हणाले, तर हिरमुसू नका. आपला कोपरा नीट सांभाळा, गड्यांची रांग मोडू देऊ नका आणि वेळ येताच पुढे धावून जा.

अभ्यास

१. डाव्या बाजूच्या बचावपटूची तीन कामे तुमच्या शब्दांत सांगा.
२. बगलेवर खेळल्याचा मंदारला पुढे कोणता उपयोग झाला असावा?
३. भारताने गोल केला नाही, तरी दोह्याच्या सामन्यानंतर लोकांना आनंद का झाला?
४. कबड्डी, खो-खो किंवा लगोरी यांपैकी एका खेळातील ‘मागे राहून’ संघाला सावरणाऱ्या गड्याविषयी दहा ओळी लिहा.