अंधाराची परीक्षा

परीक्षा म्हटली की आपल्या पोटात गोळा येतो. पण गेल्या कार्तिक अमावास्येला आम्ही चौघे चक्क अंधाराचीच परीक्षा घ्यायला निघालो. नव्या विद्यार्थ्यांना आकाश दाखवायचे, तर पनवेलजवळ पुरेसा काळोख उरला आहे काय?

साधन एकच, डोळे. प्रश्न दोन. कृत्तिकांत तारका किती दिसतात? सहा दिसल्या, तर नजर ४.३ प्रतीपर्यंत पोचली. आणि पूर्वा व उत्तरा भाद्रपदांच्या चौकोनाच्या आत तारे किती? तिथला सर्वांत तेजस्वी तारा ४.४ प्रतीचा, म्हणून शहरातून चौकोन रिकामाच दिसतो. खऱ्या काळोखात आत दहाएक तारे मोजता येतात.

आदल्या रात्री पनवेलच्या गच्चीवरून उत्तर आले : चार आणि शून्य. प्रबळगडाच्या पायथ्याशी ठाकूरवाडीला विजेऱ्या विझवून अर्धा तास बसलो. डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतोच. उत्तर आले : सहा आणि तीन. आकाशगंगा मात्र दिसली नाही. पश्चिमेला शहराचा पिवळट उजेड पसरला होता. माझी आजी तीच आकाशगंगा पनवेलच्या अंगणातून पाहत असे!

निकाल : ठाकूरवाडी उत्तीर्ण, तृतीय श्रेणीत. नक्षत्रांची ओळख तिथे होईल, आकाशगंगेसाठी आणखी दूर जावे लागेल. पण श्रेणी सुधारता येते. पेंचला गावांतले दिवे खाली तोंड करून बसवले आणि २०२४ साली ते भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' ठरले. आम्ही पुढच्या कार्तिकात फेरपरीक्षा घेणार आहोत. मोजायला कोण येता?