वेलांटी हरवली आहे!

गेल्या वर्षीची गोष्ट. गॅदरिंग दोन दिवसांवर आलेलं आणि फ्लेक्सचं काम माझ्या गळ्यात. हॉस्टेलवर एका मित्राच्या कॉम्प्युटरवर डिझाइनचं एक सॉफ्टवेअर होतं (नाव सांगत नाही; व्हर्जन बरंच जुनं होतं, उगाच बदनामी नको). मांडवीच्या जेटीचा फोटो टाकला, रंग झक्कास जमले. मग नोटपॅडमधून 'हार्दिक स्वागत' कॉपी करून पेस्ट केलं, आणि उमटलं काय? 'हार् दकि स् वागत'!

रफार डोक्यावरून उतरून खाली आलेला, वेलांटी शेजारच्या 'क'वर. तीन फाँट बदलले, दोनदा कॉम्प्युटर रिस्टार्ट केला (आपला रामबाण उपाय!), पण वेलांटी काही जागेवर येईना.

शोधाशोध केल्यावर कळलं की दोष फाँटचा नव्हताच. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा आहे. त्यात अक्षरं आपण बोलतो त्या क्रमाने साठवतात. 'दि' म्हणजे आधी 'द', मग वेलांटी. कागदावर मात्र वेलांटी 'द'च्या आधी येते. 'र्द'मध्ये तर 'र' आधी बोलायचा आणि काढायचा 'द'च्या डोक्यावर! ही उलटापालट एकट्या फाँटला जमत नाही. फाँटमध्ये आकार आणि नियम असतात. ते नियम वाचून मांडणी करणारा भाग, म्हणजे शेपिंग इंजिन, वेगळा असावा लागतो. विंडोज २००० मध्ये तो देवनागरीसाठी आला, म्हणून नोटपॅडमध्ये मराठी नीट दिसतं. पण डिझाइनची बरीच सॉफ्टवेअर्स स्वतःचं वेगळं इंजिन वापरतात. इनडिझाइनमध्येसुद्धा भारतीय भाषांची सोय २०१२ च्या सीएस ६ बरोबर आली.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्सच्या दुकानात गेलो. काका हसले. "युनिकोड आणलंस होय? ठेव बाजूला. मी इथंच टाइप करून देतो." आणि खरंच, जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये दोन मिनिटांत काम फत्ते! त्या फाँटची युक्ती साधी आहे. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात, आणि वेलांटी आपणच आधी टाइप करायची. कॉम्प्युटरला वाटतं, हे इंग्रजीच आहे. त्यामुळे कुठे अडत नाही.

मग सगळं त्यातच का करू नये? याचं उत्तर आमच्या मासिकाच्या कपाटात मिळालं. या अंकासाठी जुने मराठी विभाग चाळायचे होते. एक सीडी सापडली. इंग्रजी लेख धडाधड उघडले. मराठी विभागात मात्र कंस, टक्के, डॉलर आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी! तो फाँट आमच्याकडे नव्हता. सीनियर्सच्या कविता, एका सरांचा निवृत्तीच्या वेळचा लेख... सगळं समोर होतं आणि एक ओळ वाचता येत नव्हती. फाइलमध्ये फाँटचं नाव मिळालं, त्यावरून कन्व्हर्टर शोधला, आणि चुकलेले रफार व वेलांट्या हाताने दुरुस्त करत बसलो.

खरं तर देवनागरी आणि यंत्र यांचं भांडण जुनं आहे, आणि त्यात आपल्या रत्नागिरीचाही वाटा आहे. शिशाच्या खिळ्यांच्या छपाईत जोडाक्षरांमुळे मराठीला शेकडो खिळे लागत. इथेच १८५६ साली जन्मलेल्या टिळकांनी पुढे 'केसरी'च्या छपाईसाठी खिळे कमी करण्याची खटपट केली. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात इथे स्थानबद्ध होते. त्यांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवली आणि 'इ, उ' ऐवजी 'अि, अु' लिहायला सुचवलं. त्या काळी यंत्रासाठी लिपीलाच वाकावं लागत होतं. आज यंत्र वाकायला तयार आहे, फक्त आपल्याला बटण माहीत हवं. तेव्हा मित्रांनो, थोडं लक्षात ठेवा:

१) इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनलच्या मेनूतून 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडा. फोटोशॉपच्या आवृत्तीत 'वर्ल्ड-रेडी लेआउट'चा पर्याय असेल तर तो निवडा.

२) सॉफ्टवेअर जुनं असेल तर मोफत मिळणाऱ्या इंकस्केपमध्ये मराठी मजकूर लिहा, त्याचे पाथ करा आणि मग हव्या त्या डिझाइनमध्ये आणा.

३) प्रेसला पाथ केलेली फाइल द्या, म्हणजे तिथे फाँट नसला तरी बिघडत नाही. पण मूळ मजकूर युनिकोडमध्ये वेगळा जपून ठेवा. पाथ झालेलं अक्षर म्हणजे नुसतं चित्र. त्यात पुढे शोधता येत नाही की दुरुस्ती करता येत नाही.

४) छापण्याआधी 'ऱ्य' नक्की तपासा. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. आपल्या एका बाजूला दर्या आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्रीच्या दऱ्या, हा घोळ आपल्याला परवडायचा नाही!

असो. हा लेख युनिकोडमध्ये टाइप केला आहे. दहा वर्षांनी कोणी ज्युनियरने फाइल उघडली तर वेलांटी जागेवर सापडेल अशी आशा आहे. आणि त्या सरांचा लेख? निम्माच परत मिळाला, पुढची फाइल सीडीवर खराब झाली होती. कोणा माजी विद्यार्थ्याच्या घरी तो छापील अंक असेल, तर कृपया मासिकाच्या मंडळाला झेरॉक्स तरी द्या. उरलेलं टाइप करायचं काम माझ्याकडे!