कफ ओढणारी नळी

वसंतातल्या संध्याकाळी कफाचा विषय काढलेला कोणालाच रुचणार नाही. परंतु आपला जिल्हा कापसाचा. फवारणीच्या विषाने बाधलेल्या माणसाच्या श्वासमार्गात स्रावांचा पूर येतो. अ‍ॅट्रोपिनचा गुण येईपर्यंत तो यंत्राने ओढून काढावा लागतो. सेवाग्रामला १९६९ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले, पुढे सावंगीलाही झाले. अशी यंत्रे वर्धेकरांस आता नवलाची नाहीत. गळ्यात नळी बसविलेले रोगी घरीही येतात, आणि कफ ओढण्याची बारीक नळी आणायला दुकानात आपल्यांपैकीच कोणी जातो. तो म्हणतो, “जरा जाड द्या, लवकर निघेल.”

घोटाळा येथेच होतो. यंत्र कफाबरोबर हवाही ओढते. आतली नळी जाड असली तर तिच्या कडेने बाहेरची हवा आत शिरत नाही. फुप्फुस आकसते, प्राणवायू घटतो. म्हणून प्रौढांत या नळीची बाहेरची जाडी गळ्यातील नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून अधिक नसावी. निम्मी जाडी म्हणजे निम्मी जागा नव्हे, फक्त चौथाई! मोजमाप पॅरिसच्या शारिएर नावाच्या हत्यारे बनविणाऱ्याचे: एक मिलिमीटर म्हणजे तीन नंबर. गळ्यातील नळी ८ मिलिमीटरची, तर निम्मे ४, आणि तीनपट १२. तेथे १८ नंबर घातला तर अर्ध्याहून अधिक वाट बुजते. तान्ह्या मुलांत सत्तर टक्क्यांपर्यंत मुभा असते, कारण फारच बारीक नळीतून कफ सरकतच नाही.

कफ घट्ट झाला की मोठा नंबर घ्यावासा वाटतो. पण नाक वगळून थेट गळ्यातून जाणारी हवा कोरडीच आत जाते, आणि आपल्या उन्हाळ्याची तर विचारायलाच नको. तेव्हा डॉक्टरांना विचारून हवेला ओलावा द्यावा. नंबर वाढवू नये.

नळी आत सारताना कडेच्या छिद्रावरून अंगठा काढलेला असावा. ओढ लावायची ती बाहेर घेताना, आणि सारे पंधरा सेकंदांच्या आत. नंबर पाकिटावर छापलेला असतो, शिवाय टोकाला रंग असतो: १० काळा, १२ पांढरा, १४ हिरवा. गळ्यातील नळीचा आकडा मात्र इस्पितळातून निघतानाच कागदावर लिहून घ्यावा.