बडोद्याचा उन्हाळा आणि घरातला समुद्र

माझे माहेर बेळगाव, सासर धारवाड आणि संसार बडोद्याला. घरात मराठी-कानडी आणि दाराबाहेर गुजराती, याची आम्हाला सवय झाली आहे. पण गेल्या चार वर्षांपासून येणारे पाहुणे आधी भाषेबद्दल नाही, तर दिवाणखान्यातल्या टाकीबद्दल विचारू लागले. सव्वाशे लिटर खारे पाणी, त्यात भगव्या-पांढऱ्या क्लाऊन माशांची एक जोडी आणि दगडांवर फुललेले मऊ प्रवाळ. "बडोद्यात मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. त्यात हा समुद्र जगतो कसा?" हा प्रश्न प्रत्येकाचाच. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी कायद्याची गोष्ट. आपल्या देशात भित्ती बांधणारे सगळे कडक प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे. दुकानदार कितीही गोड बोलला तरी ते घरी आणू नयेत. आमच्याकडे त्या यादीत नसलेले मऊ प्रवाळच आहेत. मासेही समुद्रातून धरलेले नकोत. क्लाऊन माशांची पैदास हॅचरीत करण्याचे तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केले आहे. तेव्हा पैदास केलेलेच मासे मागावेत.

माणसांना नाही आणि माशांना?

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते आणि तेच त्याला बरेचसे अन्न पुरवते. पाणी २४ ते २७ अंश असले की दोघांचे छान जमते. ते बरेच दिवस ३० च्या वर राहिले की प्रवाळ त्या शेवाळाला बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि हळूहळू उपाशी मरतो.

यावर बाजारात चिलर नावाचे यंत्र मिळते. मला सांगितलेली किंमत आमच्या फ्रिजच्या दुप्पट होती. विजेचा खर्च वेगळाच. दिवाणखान्यात एसी बसवावा, असे मुलाने सुचवले. त्यावर हे म्हणाले, "बारा वर्षे आपण पंख्याखाली बसलो, आणि आता माशांना एसी?" बोलणे खरेच होते. पण जीव घरात आणल्यावर त्याला उकडत ठेवणेही बरे नव्हे.

उपाय निघाला तो साधा. संगणकात असतात तसले दोन छोटे पंखे टाकीच्या काठावर, पाण्यावर तिरपा वारा जाईल असे बसवले. ते पाहून सासूबाई म्हणाल्या, "नीरिगू फ्यान बेकेनवा?" पाण्यालाही पंखा लागतो का गं! मी त्यांना माठाकडे बोट दाखवले. माठ पाझरतो, वारा लागला की पाणी उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. टाकीतही तेच होते.

याचा हिशोब गमतीचा आहे. आमच्या टाकीतले एक लिटर पाणी वाफ होऊन गेले, तर उरलेले पाणी सुमारे साडेचार अंशांनी थंड होण्याइतकी उष्णता जाते. तेवढेच काम बर्फाने करायचे तर एक लिटरच्या पाच बाटल्या लागतील! दोन्ही पंखे मिळून सहा वॅट, म्हणजे अहोरात्र चालले तरी महिन्याला चार-साडेचार युनिट. मे महिन्यात खोली ३५ अंशांवर असताना पाणी २६-२७ वर राहते.

मात्र काही पथ्ये आहेत. टाकीवरचे काचेचे झाकण काढावे आणि मासे उडी मारू नयेत म्हणून बारीक जाळी लावावी. उन्हाळ्यात रोज तीन लिटरपर्यंत पाणी उडते, पण मीठ मागेच राहते. म्हणून भर घालायची ती गोड्या, आर.ओ.च्या पाण्याची. तीही रोज, कारण एका दिवसात खारेपणा ३५ वरून ३६ च्या जवळ जातो. पंखे तापमान-नियंत्रकावर लावावेत, नाहीतर रात्री पाणी गरजेपेक्षा थंड होते. दिवे एलईडीचे घ्यावेत आणि ते भर दुपारी लावू नयेत.

बिसिलु वेगळे, सेके वेगळी

कानडीत उन्हाला ‘बिसिलु’ आणि घामट उकाड्याला ‘सेके’ म्हणतात. टाकी ठेवणाऱ्याने हा फरक पक्का ध्यानात ठेवावा. पंखा बिसिलुवर चालतो, सेकेवर नाही. मे महिन्याची हवा कोरडी असते, ती पाणी पिऊन घेते. जूनअखेर हवाच ओली होते, मग वाफ जाणार कुठे? बाहेर पारा ३३ वर उतरलेला असतो आणि टाकीतले पाणी मात्र ३० वर चढते. पहिल्या पावसाळ्यात आमचे प्रवाळ मिटून बसले होते. वासाचा, खसाच्या पडद्याचा कूलरही या दिवसांत उपयोगाचा नाही, तो हवेत आणखी ओल भरतो.

तेव्हा टाकी सासूबाईंच्या खोलीत हलवली. त्यांना उकाडा सोसत नाही म्हणून तिथे रात्री एसी लागतोच. एसी हवा थंड करतो तशी कोरडीही करतो, त्यामुळे पंखे पुन्हा कामाला लागतात. जास्तीचा खर्च जवळजवळ नाही. सासूबाई पहाटे पाचला उठतात, टाकीचा दिवाही तेव्हाच लागतो आणि दुपारी एकला बंद होतो. आता त्याच आकडा पाहतात. मी बाहेर असले की फोनवर पहिले वाक्य असते, "इवत्तु इप्पत्तेळु!" आज सत्तावीस.

वीज गेली तर मात्र उष्णतेपेक्षा प्राणवायूची घाई असते, कारण गरम पाण्यात तो कमी विरघळतो. गेल्या मे महिन्यात दुपारी दोनला वीज गेली ती सातला आली. बॅटरीवरचा हवेचा पंप लावला, फ्रीजरमधल्या बंद बाटल्या तासाला एक अशा सोडल्या आणि मुलाने पुठ्ठ्याने वारा घातला. पाणी २९ च्या वर गेले नाही. एकदम दोन-तीन बाटल्या टाकू नयेत, अचानकचा गारठाही बाधतो.

खरा समुद्र

बडोद्याचे प्रवाळांशी नाते जुने आहे. ओखामंडळ हा बडोदे संस्थानाचा मुलूख. तिथल्या समुद्रजीवांची पाहणी संस्थानाने जेम्स हॉर्नेल या शास्त्रज्ञाकडून करवून घेतली. तिचे अहवाल १९०९ आणि १९१६ मध्ये निघाले. आपल्या बाजूलाही मालवणच्या समुद्रात आणि मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाभोवती प्रवाळ आहेत. नेहमीच्या उन्हाळ्याच्या कमाल तापमानापेक्षा समुद्र एकच अंश जास्त तापला आणि काही आठवडे तसाच राहिला, तरी प्रवाळ पांढरे पडू लागतात. २०२४ मध्ये जगभर असे चौथ्यांदा घडत असल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. एका अंशाची किंमत किती, हे आमच्या घरात आता शाळकरी मुलालाही कळते.

तुम्हाला टाकी घ्यावीशी वाटली तर आधी एक बादली घ्या. ती पाण्याने भरून नेमलेल्या खोलीत ठेवा, वर छोटा पंखा लावा आणि आठ दिवस दुपारचे तापमान लिहा. एकदा मे महिन्यात आणि एकदा पाऊस सुरू झाल्यावर. बेळगाव-धारवाडच्या मंडळींना हे बहुधा सोपे जाईल, कारवार-गोव्याच्या दमट हवेत मात्र पंख्यावर विसंबू नका. दोन्ही वेळा आकडा २८ च्या आत राहिला, तरच दुकानाची पायरी चढा.