ह्वार बेट: गाडी घ्या, घाई नको

क्रोएशियातल्या ह्वार बेटावर गाडी न्यायची तर स्प्लिटहून स्तारी ग्रादची फेरीबोट पकडा, साधारण दोन तास लागतात. तिथून ह्वार शहराकडे बोगद्यातून नवा रस्ता जातो, पण ब्रुस्ये गावावरून जाणारा जुना, वळणावळणाचा रस्ता जास्त देखणा. जूनअखेरीस गेलात तर लॅव्हेंडर फुललेलं दिसेल.

त्याआधी स्तारी ग्रादच्या मैदानात रेंगाळा. इ.स.पू. ३८४मध्ये पारोसहून आलेल्या ग्रीकांनी आखलेली शेतं, त्यांचे दगडी बांध आजही टिकून आहेत. पिकं तीच, द्राक्षं आणि ऑलिव्ह! २००८पासून हा जागतिक वारसा आहे.

बेटावरचा दुसरा, पित्वे गावापुढचा सुमारे १.४ किलोमीटरचा बोगदा मात्र अरुंद. एका वेळी एकाच बाजूची वाहतूक, तीही सिग्नलवर. पलीकडे झावाला गाव आणि थेट समुद्र. (तिकडे गाडी उजवीकडून चालवतात हं!)